पावणेदहाचा शो

बाळाराम तांडेलांनी पिशवीतून चेक काढला
तेव्हा सानपाड्याच्या ऑफिसात अजून पंखाही बसला नव्हता.
साडेबारा टक्क्यांतल्या भूखंडाचे उरलेसुरले पैसे.
"बंगला झाला, गाडी झाली, देवळाला कळस झाला.
आता एक पिच्चर."
मी वहीवर तारीख घातली.
सहकारी बँकेत एकतीस वर्षं काढलेली बाई मी,
मला गोष्ट सांगू नका, व्हाउचर दाखवा.

गोष्ट तरी काय, एक बहीण, एक भाऊ, एक फ्लॅट
आणि सही कोण करणार.
दोन खोल्यांत भागेल, पराशर म्हणाला, स्वस्तात होईल.
स्वस्तात म्हणजे अठ्ठावन्न लाख.
पोस्टर, रेडिओ, रिक्षांच्या पाठी, ते तेरा वेगळे.

नेरूळ, सिडकोची बिल्डिंग, दुसरा मजला.
भाडं दिवसाला आठ हजार, सोसायटीची पावती निराळी.
वडे एकशे दहा. युनिट चाळीस माणसांचं,
हिशोब अजून लागलेला नाही.
साडीची इस्त्री, एकोणीस वेळा, एकच साडी,
कारण गोष्ट सगळी एका दुपारची.

आणि शेजारच्या दोनशे तीनमध्ये लादी उखडायचं काम.
बहीण "दादा" म्हणायची
की भिंतीपलीकडून ड्रिल ओ द्यायचं.
साउंडवाला हेडफोन काढून जमिनीवर बसला.
मग मीच गेले.
तुर्भ्याचा मुनीर शेख, भुवयांपर्यंत पांढरा.
रोजचे पाचशे ठरले.
आमच्याकडून "रोल" ऐकू आलं की त्यानं थांबायचं.
अकरा दिवस, साडेपाच हजार.
व्हाउचरवर तपशिलात मी लिहिलं: शांतता.
सीएनं त्याला लाल गोल केला.

लागला तेव्हा वाशीत एक पडदा, ठाण्यात एक,
दोन्हीकडे सकाळचे पावणेदहा.
त्या वेळी माणूस ऑफिसात असतो
किंवा दुधाच्या पिशव्या धूत असतो.
तांडेलांचा रोज रात्री फोन, "कवरं आलं गो बाय?"
मी सांगायची, दीडशेचं तिकीट.
तेवीस रुपये कर.
राहिले त्यातले निम्मे थिएटरचे.
उरल्यातले वीस टक्के वितरकाचे.
आपल्या हातात पन्नास रुपये पंच्याऐंशी पैसे.
"दीडशातले?"
दीडशातले.
पलीकडे बराच वेळ टीव्हीचा आवाज, मग तोही नाही.

एकाहत्तर लाख भागिले पन्नास रुपये पंच्याऐंशी पैसे
मी एकदाच केलं, पेन्सिलीनं.
एक लाख चाळीस हजार माणसं हवीत.
गुरुवारपर्यंत सहा हजार दोनशे आली होती,
त्यातली निम्मी दिवाळे गावची, तांडेलांच्या नात्यातली,
आणि ती फुकट पासावर.

शुक्रवारी वाशीला मी स्वतः गेले, मोजायला.
एकोणीस माणसं. शेवटून दुसऱ्या रांगेत
इस्त्रीचा शर्ट, बायको, दोन मुली.
आधी ओळखलंच नाही, भुवया काळ्या होत्या.
मी म्हटलं, अहो, मला सांगायचं, पास दिले असते.
मुनीर म्हणाला, "माझं काम आहे त्यात. तिकीट काढूनच बघणार."

ती सही करायची जागा येते,
पेन कागदावर, आणि कुणीच काही बोलत नाही,
तिथं तो मुलींकडे वाकून काहीतरी पुटपुटला.
धाकटी उठून उभीच राहिली, ऐकायला.

बाहेर जिन्यावर मात्र तक्रार:
"मॅडम, दोन मिनिटंपण नव्हती.
मी तर अकरा दिवस दिले होते."

रात्री तांडेलांना सांगितलं.
महिन्यात पहिल्यांदा हसले.
"मंग बाकीची कुठं गेली?"
एडिटला कापली, मी म्हटलं.
"आणि त्याचे पैसं?"
चार तिकिटं, दोनशे तीन रुपये चाळीस पैसे.
जमेच्या बाजूला, स्वतंत्र ओळ, नावासकट.
सीए विचारेल.
विचारू दे.
सोमवारपासून ठाण्याचा पडदा काढलाय,
वाशीचा आहे, पावणेदहाचा,
बुधवारपर्यंत तरी.